समुद्रकिनारा हाही पाणवठाच आहे : मुरगाव बंदरावरचा एक दिवस

चळवळीतल्या माणसांनी क्रूझवर जावे का? हा प्रश्न आम्हाला गेल्या काही महिन्यांत अनेकदा विचारला गेला. विहारात विचारला गेला, सूतगिरणी चौकातल्या चहाच्या टपरीवर विचारला गेला, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर दोन दिवस त्याच विषयावर वाद चालला. काहींनी चेष्टेने विचारले, काहींनी खरोखर चिडून. "समाज भुकेला असताना तुम्ही बोटीवर मजा मारता?" असा त्या चिडण्याचा मथळा होता.

आमचे उत्तर थोडक्यात असे आहे : जावे. आणि बोट बंदराला लागली की कंपनीच्या बसमध्ये न बसता स्वतःच्या पायांनी उतरावे. या लेखात बोटीवरच्या जेवणाचे आणि नाचगाण्याचे वर्णन नाही, ते यूट्यूबवर भरपूर आहे. हा लेख मुरगाव बंदरावर मिळालेल्या साडेसात तासांबद्दल आहे. त्या साडेसात तासांत जे पाहिले आणि जे सुचले ते आपल्या लोकांपुढे मांडावे असे आम्हाला वाटते.

आधी आम्ही म्हणजे कोण ते सांगतो. गारखेड्यातल्या एकाच गल्लीतली दोन घरे, एकूण सात माणसे. त्यात दोन नवरा-बायकोच्या जोड्या, दोन शाळकरी पोरी आणि आमची मावशी. मावशी महापालिकेत सफाई कामगार होती, आता निवृत्त आहे. पैसे कुठून आले हाही प्रश्न येणारच, म्हणून तेही सांगतो. गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. दोन वर्षे दोन्ही घरांनी भिशीला हात लावला नाही, दिवाळीला नवे फर्निचर घेतले नाही, आणि सर्वांत स्वस्त, बिनखिडकीच्या खोल्या घेतल्या. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी सीएसएमटीला उतरलो, तिथून बॅलार्ड पिअर जवळच आहे. संध्याकाळी बोट सुटली.

आता मुद्द्यावर येऊ. फुरसत ही वरच्या वर्गाची मालमत्ता आहे असे आपल्याला शिकवले गेले आहे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही थॉर्स्टीन व्हेब्लेन वाचला. त्याने 1899 साली 'निवांत वर्गा'वर पुस्तक लिहिले आणि रिकामपण हे प्रतिष्ठेचे चिन्ह कसे बनते ते दाखवले. पण व्हेब्लेनच्या समाजात निदान कष्टकऱ्याला जन्मानेच कष्टकरी ठरवलेले नव्हते. आपल्याकडे कष्ट जातीने वाटले गेले आणि फुरसतही जातीनेच वाटली गेली. ज्याच्या वाट्याला गावकीची कामे आली, त्याला सुट्टीचा दिवस कधीच नव्हता.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या 1945 च्या ग्रंथात ते गांधीवादाच्या चरखा-अर्थव्यवस्थेवर टीका करताना फुरसतीचा मुद्दा मध्यभागी आणतात. त्यांचे म्हणणे असे की पशू फक्त शरीराच्या गरजा भागवतो, माणसाला त्यापलीकडे मन घडवायचे असते, आणि त्यासाठी वेळ लागतो. यंत्रे हवीत ती त्यासाठी, की कष्टकऱ्यालाही फुरसत मिळावी. हे त्यांनी नुसते लिहिले नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना कारखान्यातल्या कामगारांसाठी पगारी सुट्टी आणि 48 तासांचा आठवडा या तरतुदी त्यांच्या खात्याने कायद्यात आणल्या. ज्यांना सुट्टी हा चैनीचा विषय वाटतो त्यांनी हा इतिहास एकदा तपासावा. सुट्टी आपल्याला कुणी भेट दिलेली नाही, ती आपल्या माणसाने कायद्यात लिहून घेतलेली आहे.

दुसरा मुद्दा समुद्राचा. मराठवाड्यातल्या आपल्या माणसांनी समुद्र पहिल्यांदा कुठे पाहिला असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : दादर, 6 डिसेंबर. रेल्वेच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून, शिवाजी पार्कवर रात्र काढून, चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास थांबून जेव्हा आपण बाहेर येतो तेव्हा समोर समुद्र असतो. 7 डिसेंबर 1956 रोजी याच चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला गेला. त्यामुळे समुद्र म्हटले की आपल्या आयाबायांचे डोळे आधी भरून येतात. मावशीनेही समुद्र तेवढाच पाहिलेला. समुद्रात पाय घालून हसावे, असा समुद्र तिने पाहिलेलाच नव्हता. आणि आमचे शहर असे, की नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते. जायकवाडी जवळ असूनही गारखेड्यात निळे ड्रम भरून ठेवावे लागतात. अशा ठिकाणच्या माणसांना चारी बाजूंनी पाणी दिसले तर त्यांचे काय होत असेल, याची कल्पना पाण्याचे टँकर न पाहिलेल्यांना येणार नाही.

आणि धर्मशास्त्राला तर समुद्राचे वावडेच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीला कोणत्या ब्राह्मणांना बसवू नये याची लांबलचक यादी आहे. समुद्रप्रवास करणारा त्या यादीत आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रातही समुद्रप्रवास हा माणसाला पतित करणाऱ्या कृत्यांत धरला आहे. ज्या पाण्यापलीकडे ज्ञान होते, व्यापार होता, वेगळी माणसे होती, त्या पाण्यावर या लोकांनी स्वतःच बंदी घालून घेतली. बाबासाहेब 1913 साली तेच पाणी ओलांडून न्यूयॉर्कला गेले.

आमची बोट मुंबई सोडून दक्षिणेला निघाली, अंधार पडला, आणि वरच्या डेकवर गाणी सुरू झाली. आम्ही मात्र पोरींना घेऊन किनाऱ्याकडच्या बाजूला उभे होतो. मोबाइलच्या नकाशावर सावित्री नदीचे मुख कधी येते ते पाहत होतो. कारण याच पाण्यावरून, 24 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने मुंबईहून महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघाले होते. 25 तारखेला ते दासगाव बंदराला उतरले आणि तिथून कार्यकर्त्यांसह महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. म्हणजे समुद्रप्रवास करणाऱ्याला पंक्तीतून उठवणारे पुस्तक समुद्रप्रवास करून आलेल्या माणसाने जाळले. कोकणच्या समुद्राला हा इतिहास आहे, पण बोटीवरच्या कुठल्याही पत्रकात तो नाही. आपल्याच पोरांना तो आपण सांगायचा.

आता बंदराच्या दिवसाकडे वळतो. क्रूझचा धंदा कसा चालतो ते समजून घेतले पाहिजे. बोट बंदराला लागते, प्रवासी उतरतात, काही तासांनी परत चढतात. या मधल्या वेळासाठी बोटीवरच एक काउंटर असतो, तिथे 'शोअर एक्स्कर्शन' विकले जाते. एसी बस, गाइड, दोन चर्च, एक देऊळ, एक खरेदीचे दुकान, आणि परत बोट. आमच्या बोटीवर त्याचा दर माणशी 2,500 रुपये होता. सात जणांचे 17,500. काउंटरवरचा मुलगा सभ्यपणे पण ठामपणे सांगत होता की स्वतःहून गेलात तर जबाबदारी तुमची, उशीर झाला तर बोट थांबणार नाही.

या वाक्यातली भीती खरी आहे. कंपनीच्या सहलीतली बस उशिरा आली तर बोट तिची वाट पाहते, तुमच्या टॅक्सीची पाहत नाही. पण ही भीती किती मोठी करून विकली जाते हेही पाहिले पाहिजे. मुरगाव हे काही अनोळखी बेट नाही. बंदराच्या गेटपासून वास्को शहर तीन-चार किलोमीटरवर आहे. तिथे कदंबची बस आहे, रेल्वे आहे, मराठी समजणारी माणसे आहेत. बोट अकराला लागली, परत चढण्याची शेवटची वेळ साडेसहा. आम्ही ठरवले की साडेपाचला काहीही झाले तरी गेटवर. एक तास हातचा राखला.

गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात, बोटीचे कार्ड आणि ओळखपत्र दोन्ही पाहतात. बाहेर आल्यावर सात सीटची गाडी दिवसभरासाठी 3,200 रुपयांत ठरली. गेटच्या आत हाच आकडा बराच वर होता. गोव्यात ओला-उबर चालत नाही, त्यामुळे घासाघीस करावीच लागते. चालक पन्नाशीचा, वास्कोचाच. त्याचे वडील जहाजावर कामाला होते. गोव्यात अशा खलाशांना 'तारवटी' म्हणतात. तो म्हणाला, "तुमच्यासारखे क्रूझवाले पाहतो रोज, पण सगळे बसने जातात. गाडीत बसून मराठीत बोलणारे पहिलेच." मावशीने त्याला विचारले, वडील घरी कधी असायचे? तो म्हणाला, वर्षातून दोन महिने. बोटीची मजा कुणाच्या जिवावर चालते हे त्या एका उत्तरात कळले. आमच्या खोलीची साफसफाई करणारा तरुणही घर सोडून महिनोन्‌महिने पाण्यावरच राहत होता. तीस वर्षे शहर झाडलेल्या मावशीने त्याला खोली झाडू दिलीच नाही, स्वतः आवरून ठेवली. तो बिचारा घाबरला, माझी तक्रार होईल म्हणाला. मग तिने त्याला चादर तेवढी बदलू दिली.

आम्ही आधी बायणा किनाऱ्याला गेलो. चालक म्हणाला, "तिथं काय बघायचंय? बोगमाळोला चला." पण बायणा बघायचाच होता. बंदराला सगळ्यांत जवळचा किनारा तोच, आणि कंपनीच्या यादीत नसलेला किनाराही तोच. आज तिथे मासेमारीच्या होड्या आहेत, संध्याकाळी फिरायला येणारी कुटुंबे आहेत, जवळच रवींद्र भवन आहे. पण 2004 पर्यंत इथे गोव्याची सर्वांत मोठी वेश्यावस्ती होती. तिथल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी कर्नाटक आणि आंध्रातून आलेल्या, त्यांतल्या कित्येक देवाला वाहिलेल्या. देवदासी कोणत्या जातींतून सोडल्या जातात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. 14 जून 2004 रोजी, ऐन पावसाळ्यात, सरकारने बुलडोझर आणून शेकडो खोल्या पाडल्या. पुनर्वसनाची भाषा झाली, पण बहुतेक बायका पांगल्या.

इथे कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही तो धंदा सोडायला सांगितलाच होता की. हो, सांगितला होता. जून 1936 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे त्यांनी भाषण केले आणि ते जिणे सोडून सन्मानाने जगण्याचे आवाहन केले. पण फरक लक्षात घ्या. बाबासाहेब त्या बायकांशी बोलले. समोर बसवून, माणूस समजून, आपल्या चळवळीचा भाग समजून बोलले. बुलडोझर कुणाशी बोलत नाही. तो किनारा 'स्वच्छ' करतो, आणि स्वच्छ करण्याच्या नावाखाली नेहमी कोण हलवले जाते हे आपल्याला शंभर उदाहरणांनी माहीत आहे. बायण्याच्या वाळूवर आम्हाला त्या बायकांची आठवण सांगणारा एकही फलक दिसला नाही. पोरींना आम्ही त्यांच्या वयाला समजेल एवढे सांगितले : इथे गरीब बायकांची घरे होती, ती पाडली. थोरलीने विचारले, "मग त्या कुठं गेल्या?" या प्रश्नाचे उत्तर गाइडकडे नसते, आणि बसमध्ये बसले असते तर हा प्रश्नच पडला नसता.

त्याच किनाऱ्यावरून निघताना हवेतली काळी धूळ लक्षात येते. मुरगाव बंदरात बाहेरून आलेला कोळसा उतरतो आणि रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वास्कोचे लोक या धुळीविरुद्ध वर्षानुवर्षे भांडत आहेत. एका धक्क्यावर क्रूझचे पाहुणे आणि दुसऱ्या धक्क्यावर कोळसा. पाहुणे संध्याकाळी निघून जातात, धूळ तिथेच राहते.

मग बोगमाळो. विमानतळाच्या पलीकडे, नौदलाच्या विमान संग्रहालयावरून पुढे गेले की छोटीशी अर्धगोल चौपाटी लागते. पोहण्याची जागा लाल-पिवळ्या झेंड्यांनी दाखवलेली होती. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचे नाही. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक आहेत, त्यांचे ऐकावे. पोरी टी-शर्ट आणि हाफ पँटवर पाण्यात शिरल्या. वहिनी आधी काठावर थांबल्या, मग ड्रेससकट शिरल्या. मावशी पातळ खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. लाट आली, ती खाली बसली, पुढच्या लाटेने तिला डोक्यापर्यंत भिजवले. तोंडात पाणी गेले तेव्हा थुंकत म्हणाली, "लई खारट हाय गं!" आणि मग खूप वेळ हसत राहिली.

थोड्या वेळाने ती जे बोलली ते मात्र आम्ही कधी विसरणार नाही. मावशीचे माहेर अंबड तालुक्यातले. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या लोकांना चढता येत नसे. हंडा खाली ठेवून उभे राहायचे, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. याला गावात 'पाणी वाढणे' म्हणत. मावशी समुद्राकडे बघून म्हणाली, "एवढं पाणी हाय, अन्‌ कोणी वाढावं लागत न्हाई."

मित्रांनो, आमच्या या सगळ्या लेखाचे सार मावशीच्या त्या एका वाक्यात आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. पाण्यातून बाहेर येऊन आम्ही वाळूवर सावली बघून बसलो. एका शॅकच्या माणसाने येऊन सांगितले, "इथं बसायचं नाही, ही जागा गिऱ्हाइकांची आहे. तुम्ही तिकडं कडेला बसा." आमच्या अंगावरचे ओले पातळ, पिशवीतले डबे आणि आमची भाषा बघून त्याने आम्हाला जोखले होते. त्याच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो नव्हतो, वाळूवर बसलो होतो. आम्ही शांतपणे विचारले, वाळू कोणाची? तो म्हणाला, आमचे लायसन्स आहे. आम्ही म्हणालो, लायसन्स खोपट्याचे असेल, वाळूचे कुणालाच मिळत नाही. गोव्यात शॅक सरकारच्या परवान्याने हंगामापुरते उभे राहतात, किनारा सार्वजनिकच राहतो. आवाज न चढवता एवढे बोलल्यावर तो निघून गेला. आम्ही तिथेच बसलो, डबे तिथेच उघडले.

त्याच वेळी मण्यांच्या माळा विकणारी एक लमाणी बाई आली. शॅकवाला तिच्यावर जास्त मोठ्याने ओरडला, कारण किनाऱ्यावर फिरून विकायला गोव्यात कायद्याने बंदी आहे. मावशीने तिला आमच्यात बसवले. मराठवाड्यात तांडे भरपूर, त्यामुळे मावशीला दोन-चार शब्द येतात. बाई कर्नाटकातली. तिची जात तिकडे अनुसूचित जातीत, आमच्याकडे विमुक्त जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. एकच समाज, तीन राज्यांत तीन खाती. आणि तिन्ही राज्यांच्या बाहेर, गोव्याच्या वाळूवर, तिची ओळख फक्त 'हाकलून द्यायची बाई'. वाळू सार्वजनिक, पण तिच्यावर खुर्ची मांडून विकणाऱ्याला परवाना आणि चालत विकणारीला दंड. हा नियम कोणी कोणासाठी केला, याचा विचार करा.

म्हणूनच आम्ही म्हणतो की समुद्रकिनारा हाही पाणवठाच आहे. पाणवठ्याची लढाई आपल्याला नवी नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला : सरकारी खर्चाने बांधलेले, चालवलेले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात ते 20 मार्च 1927 रोजी खुले झाले, जेव्हा बाबासाहेब हजारो लोकांसह चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतरही खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला तो 17 मार्च 1937 रोजी. कागद, पाय आणि न्यायालय या तिन्ही गोष्टी लागल्या. पण मधली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणी चालत गेले नसते तर कागद फाइलमध्येच राहिला असता.

किनाऱ्याचेही तसेच आहे. 1996 साली एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, जंगल ही लोकांच्या वतीने सरकारकडे ठेवलेली ठेव आहे. सरकार विश्वस्त आहे, मालक नाही. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर एका पंचतारांकित हॉटेलने लोकांची जुनी वाट अडवली होती. स्थानिक माणसे न्यायालयात गेली, आणि जानेवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांची वाट मोकळी ठेवण्याच्या बाजूने निकाल दिला. मग काय झाले? हॉटेलचे बांधकाम वाचावे म्हणून सरकारने कायद्यातच दुरुस्ती आणली. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. जानेवारी 2019 च्या नव्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. म्हणजे वाळू सार्वजनिक राहील, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट दरवर्षी थोडी अरुंद होत जाईल. सवर्ण विहिरीलाही कुंपण नव्हते, वाटेलाच होते.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी नावाचे गाव आहे. तिथला 26 मैलांचा किनारा सरकारी पैशाने बांधलेला, पण काळ्या माणसांना पाण्यात उतरायला मनाई. 14 मे 1959 रोजी डॉ. गिल्बर्ट मेसन काही जणांना घेऊन पाण्यात उतरले, पोलिसांनी बाहेर काढले. 24 एप्रिल 1960 रोजी सव्वाशे माणसे उतरली, तेव्हा गोऱ्यांच्या झुंडीने साखळ्या आणि दांडक्यांनी मारले. किनारा सर्वांसाठी खुला असल्याचा न्यायालयीन निकाल मिळायला 1968 साल उजाडले. महाडचे चवदार तळे आणि बिलॉक्सीचा समुद्र यांत पाण्याच्या चवीचा तेवढा फरक.

आणि जिथे क्रूझचा धंदा जगात सर्वांत मोठा आहे, त्या कॅरिबियन बेटांवर आज काय चालले आहे? हैतीत लाबाडी नावाचा किनारा 1986 पासून रॉयल कॅरिबियन कंपनीकडे भाडेपट्ट्याने आहे. भोवती कुंपण आहे; बोटी येत तेव्हा आत बोटीचे प्रवासी असत, बाहेर हैतीचे लोक. ज्या देशातल्या गुलामांनी बंड करून 1804 साली स्वातंत्र्य मिळवले, त्या देशातला हा किनारा. जमैकात 1956 च्या किनारा नियंत्रण कायद्यामुळे सामान्य माणसाला किनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्कच नाही. तिथले लोक आज त्या वसाहतकालीन कायद्याविरुद्ध लढत आहेत. बार्बाडोसमध्ये मात्र किनारे सर्वांचे मानले जातात. म्हणजे वेगळा मार्ग शक्य आहे. आपल्याकडेही कंपन्या हळूहळू 'खास' किनाऱ्यांची भाषा बोलू लागतील, तेव्हा लाबाडी आठवावे.

आता हिशेब. गाडी 3,200. दुपारी पोरींना मासे खायचे होते म्हणून सात फिश थाळ्या, 2,100. आंघोळ आणि कपडे बदलण्याची खोली माणशी 30 प्रमाणे 210. शहाळी आणि पाण्याच्या बाटल्या 400. एकूण 5,910. कंपनीच्या सहलीपेक्षा 11,590 रुपये वाचले. साडेपाचला दहा मिनिटे कमी असताना आम्ही गेटवर होतो.

उरलेल्या आक्षेपांना उत्तर देऊन थांबतो. कोणी म्हणतील, ही भांडवली चंगळ आहे. बोटीचा धंदा भांडवली आहे यात वाद नाही. पण आपल्याला शाळा, रेल्वे, न्यायालय, शहर यांपैकी कोणती गोष्ट निर्मळ स्वरूपात मिळाली? प्रत्येक ठिकाणी आपण आत शिरलो आणि आतून प्रश्न विचारले. कोणी म्हणतील, तेवढे पैसे समाजाला द्यायचे होते. विहाराच्या वर्गणीत आमची घरे कधी मागे नव्हती. आणि सफाई कामगाराने आयुष्यात एकदा समुद्रात भिजावे, हेही समाजाला देणेच आहे. त्यागाची अपेक्षा नेहमी त्याच माणसाकडून का केली जाते, ज्याच्याकडे त्यागायला सर्वांत कमी असते? तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला. देहाला छळणे त्यांनीही सोडून दिले होते.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार सूचना. बोट परत चढण्याची शेवटची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे लिहून घ्या आणि त्याच्या एक तास आधी गेटवर या. बोटीचे कार्ड आणि आधार दोन्ही जवळ ठेवा, बोटीचा फोन नंबर लिहून ठेवा. जीवरक्षकाचा झेंडा बघितल्याशिवाय पाण्यात उतरू नका, दारू पिऊन तर कधीच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आवर्जून न्या. आणि जाता आले नाही तरी हरकत नाही. क्रूझ नको, एसटीने अलिबागला जा, हरिहरेश्वरला जा. किनारा तोच आहे, हक्कही तोच आहे.

वाळूवर बसल्यावर कोणी 'कडेला बसा' म्हणाले तर उठू नका. शांतपणे विचारा, वाळू कोणाची? वाट बंद दिसली तर फोटो काढा, पंचायतीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लिहा. पाणवठा कागदावर खुला असून चालत नाही, त्यावर माणसे दिसावी लागतात. आपली माणसे दिसावी लागतात.

जय भीम! नमो बुद्धाय!